निवट्यांचा उपास

मी परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास फळ्यासमोर उभी राहीन तेवढेच तास मी प्राध्यापक. बाकीच्या वेळात मी कोण, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. दर जूनमध्ये माझी नव्याने नेमणूक होते, दर एप्रिलमध्ये ती संपते. मे महिन्यात मी कॉलेजात गेले तर वॉचमन विचारतो, "काय काम आहे?" तोही कंत्राटीच आहे, म्हणून मी त्याच्यावर चिडत नाही.

माझा विषय तुलनात्मक शरीरक्रियाशास्त्र. नाव लांब आहे, प्रश्न साधा आहे. जगायला लागणारी कामं सगळ्यांना सारखीच असतात: श्वास घ्यायचा, खाल्लेलं पचवायचं, अंगातल्या मीठ-पाण्याचा तोल राखायचा. पण ती भागवायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. खेकडा, बेडूक, कबुतर, माणूस यांना शेजारी शेजारी ठेवून ती तऱ्हा बघायची. मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते की कोण श्रेष्ठ हे विचारायचं नाही, कोण काय खर्चून काय मिळवतो ते विचारायचं.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, म्हणजे झुरळ आणि आपले प्रिन्सिपॉल सर सारखेच?"

"श्वासाच्या बाबतीत झुरळ उजवं आहे," मी म्हणाले. "त्याच्या नळ्या हवा थेट पेशींपर्यंत नेतात. मध्ये कुणाची सही लागत नाही."

वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं.

असं मी बोलून जाते, कारण मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. लालबागच्या आमच्या खोलीत गिरण्यांच्या जमिनीवर घरं मागणाऱ्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. माझ्या वह्यांना कव्हरं त्यांचीच आणि शेजारी चिवडा द्यायचा तर पुडी त्यांचीच. बाबा मजकूर लिहायचे आणि मी तो मोठ्याने वाचून दाखवायची. वाचताना मला जिथे दम लागेल तिथे ते वाक्य तोडायचे. त्यातून मला दोन सवयी लागल्या. वाक्य छोटं लिहायचं, आणि अन्याय दिसला की आधी त्याला मथळा शोधायचा. दुसरी सवय आता मला थकवते. मथळे सगळे सापडलेले आहेत. पुढचं काही होत नाही.

तरी गेल्या वर्षी कॉलेजातल्या कंत्राटी लोकांसाठी मी एक पत्रक काढलंच. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'काम करणाऱ्याला, ते काम कशासाठी आहे हे समजण्याचा हक्क आहे.' त्या पत्रकाच्या प्रती आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी वाटल्या. ऑफिसात, कँटीनमध्ये, लायब्ररीत. अगदी प्रिन्सिपॉलांच्या टेबलावरही एक ठेवून आले.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. मूळचे मालवणकडचे, साठीला टेकलेले, आमच्या मागच्याच चाळीत राहणारे. त्यांचं नाव ठेकेदाराच्या यादीत, त्यामुळे बारा वर्षं एकाच प्रयोगशाळेत काढूनही ते तिथले नव्हेत. चारचौघांत मला 'मॅडम' म्हणायचे, दार लावलं की 'बाय'. काचेची भांडी ते अशी धुवायचे की त्यांना पुन्हा हात लावावासा वाटू नये. माझ्या पीएचडीच्या प्रयोगासाठी दोन वर्षं त्यांनी टबांचं पाणी बदललं, त्यात मीठ मोजून घातलं, चिखल गाळून दिला. ते काम त्यांच्या यादीत नव्हतं.

ते टब माशांचे होते. एकात निवट्या, दुसऱ्यात खरबे.

शिवडीला ओहोटी लागली की चिखलावर निवट्या येतात. बोटाएवढा मासा, पण पाण्याबाहेर राहणारा. पुढच्या परांवर रेलून चालतो, उड्या मारतो, मध्येच चिखलात लोळून अंग ओलं करून घेतो. कल्ल्यांच्या पोकळीत थोडं पाणी साठवून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. डोळे डोक्याच्या वर, जणू मागाहून बसवलेले. फ्लेमिंगो टिपायला येणाऱ्यांच्या लांबलचक कॅमेऱ्यांना त्या दिसत नाहीत, कारण त्या चिखलाच्याच रंगाच्या असतात. खरबा हा निवटीचा चुलतभाऊ. त्याच खाडीतला, पण पाणी न सोडणारा, तळाशी पडून राहणारा. शीव कोळीवाड्याची एक मावशी मला दोन्ही आणून द्यायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून. ती दर वेळी म्हणायची, "कालवणात घाल गो. काय डब्यात घालून बसतेस त्यांना!"

डब्यात घालून मी त्यांचा श्वास मोजायची. मासा बंद डब्यात ठेवायचा, आतला ऑक्सिजन किती वेगाने कमी होतो ते यंत्रावर बघायचं. निवटी ओल्या हवेत, खरबा पाण्यात. माझा प्रश्न असा होता: नुसतं स्वस्थ बसून जिवंत राहायला, पाणी सोडलेल्या माशाला जास्त खर्च येतो की पाण्यातच राहिलेल्याला?

यात एक नियम फार कडक असतो. मोजणीआधी प्राणी उपाशी हवा. माझ्या प्रयोगात दोन दिवस. कारण पचन फुकट होत नाही. मी वर्गात अजगराचं उदाहरण देते. तो गिळतो आणि पडून राहतो, आपल्याला वाटतं आराम चाललाय. पण आत त्याच्या सगळ्या खात्यांत तिन्ही पाळ्या सुरू झालेल्या असतात आणि श्वासाचा खर्च कितीतरी पट वाढलेला असतो. पोटात अन्न असलेला प्राणी मोजला तर आपण त्याचं स्वस्थ बसणं मोजत नाही, जेवण मोजतो. म्हणून मोजणीच्या दोन दिवस आधी मी दोन्ही टबांना पुठ्ठा अडकवायची. वर मोठ्या अक्षरात 'खाणे बंद'.

दोन वर्षं आकडे एकाच दिशेने येत होते. निवटीचा खर्च खरब्यापेक्षा जास्त, आणि तोही दर वेळी. मी त्यावर एक प्रकरण लिहिलं. जमिनीवर यायचं तर त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती झोपेतही चुकत नाही, असा त्याचा सूर होता. माझ्या खाजगी वहीत मी आणखी पुढे गेले होते. कोकणातून गिरणगावात आलेल्या माणसांना मी त्या निवट्यांत बघितलं होतं. आपलं पाणी सोडून आलेली, स्वस्थ बसली तरी दमणारी. ते पान मला इतकं आवडलं होतं की मी ते दोनदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

माझे मार्गदर्शक सर प्रकरणावर खूश होते. एप्रिलमध्ये प्रबंध द्यायचा, असं ठरलं. एप्रिलच का, तर आमच्या विषयातली एक कायम जागा बऱ्याच वर्षांनी निघाली होती. मुलाखत जूनमध्ये होती, आणि प्रबंध दिल्याची पावती असेल तरच अर्ज धरणार होते. एवढं एक झालं असतं तर दर जूनची ती रांग संपली असती.

मार्चमध्ये शिमगा आला. शिमग्याला कोकणी माणूस मुंबईत सापडला तर तो आजारी आहे असं समजावं. मामा दहा दिवस गावाला गेले. पालखीला त्यांच्या खांद्याचा मान असतो. मला शेवटच्या काही जोड्या मोजायच्या होत्या. पाणी मीच बदललं, पुठ्ठे लावले, दोन दिवस थांबले आणि मोजलं.

निवटीचा आकडा खाली आला. खरब्याच्या बरोबरीला.

मला वाटलं यंत्र बिघडलं. ते पुन्हा जुळवून घेतलं. दुसरी निवटी घेतली. पुन्हा तेच. पाण्याचं मीठ तपासलं, डब्याची झाकणं तपासली, कोळीवाड्याच्या मावशीला विचारलं की यावेळी मासे दुसरीकडून आणलेत का. ती म्हणाली, "खाडी एकच हाय, दुसरी आणू कुठून?" दहा दिवसांत मी तीन जोड्या मोजल्या. तिन्हींत काही फरक नाही. मामा सोमवारी परत आले, माझ्यासाठी जत्रेतलं गोड खाजं घेऊन. गुरुवारी मी पुन्हा मोजलं. निवटी वर गेली.

मग मी वही उघडली आणि माझ्या विषयाला साजेसं काम केलं. मामा असलेले दिवस एका बाजूला, नसलेले दुसऱ्या बाजूला.

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही नव्हता तेव्हा निवट्या वेगळ्या वागल्या."

"वागतल्याच," मामा फडक्याने टेबल पुसत म्हणाले. "तेंका माझी सवय झालेली हा."

"कसली सवय?"

ते हसले. दाराकडे एकदा बघितलं आणि खिशातून कागदाची पुडी काढली. सुक्या जवळ्याचा भुगा. "संध्याकाळी कुलूप लावताना चिमूटभर. तुमी उपाशी ठेवतास, माका बगवना नाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. डोळे वर करून बगतत ना, बाय! उपास माणसान करूचो. माशान कित्याक? तेंनी खंयचो नवस बोललोहा?"

तरी तोंडातून पुढचा प्रश्न निघालाच. "आणि खरबे? दुसऱ्या टबातले?"

"ते खंय बगतत माझ्याकडे? तळाक पडान असतत. मेल्यांका भूक तरी हा की नाय, देव जाणे."

दोन वर्षं मी काय मोजलं ते मला कळलं. पाण्यातला मासा आणि जमिनीवरचा मासा यांची ती तुलना नव्हती. ज्याचे डोळे वर आहेत आणि ज्याचे नाहीत, त्यांची होती. ज्याला मामांची दया पोचली आणि ज्याला पोचली नाही, त्यांची. ते संध्याकाळी घालायचे, मी सकाळी मोजायची, आणि चिखलाच्या पाण्यात भुगा दिसायचा नाही.

"काय झाला?" मामांनी विचारलं.

"माझा तास आहे," मी म्हणाले आणि गेले. त्या दिवशी मूत्रपिंड शिकवायचं होतं. मी ते शिकवलं. मुलांना काही वेगळं जाणवलं नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. सर वाईट माणूस नाहीत. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय आणि त्यांना कुठलीच फाइल उघडी ठेवून जायचं नाही.

"किती घालायचा तो?" त्यांनी विचारलं. "ठरावीक असेल तर पचनाचा खर्च म्हणून मांडता येईल."

"चिमूटभर."

"चिमूटभर म्हणजे किती?"

"मामांची चिमूट, सर. रोज वेगळी. कुणी किती खाल्लं तेही माहीत नाही."

त्यांनी उठून दार लोटलं. "हे बघ. तुला माहीत, मला माहीत, मामाला माहीत. मासा काही सांगायला येणार नाही. पंधरा दिवसांत द्यायचाय प्रबंध."

"त्यात 'अठ्ठेचाळीस तास उपाशी' असं लिहिलंय. ते खोटं आहे."

"अगं, तू तर उपाशी ठेवले होतेस ना? प्रबंध म्हणजे काय सत्यनारायण आहे, प्रसाद चुकला म्हणून गलबत बुडायला?"

मी वही उचलून पिशवीत घातली. माझा हट्ट त्यांना ओळखीचा होता.

"बरं, मग दुसरा रस्ता," ते म्हणाले. "परिचराच्या हलगर्जीपणामुळे नोंदी बाद, असं लिही. खाली त्याची सही घे. तुझी चूक नाही म्हटल्यावर मुदतवाढही मिळेल आणि मुलाखतीसाठी तसं पत्रही मी देतो. तेवढ्यावर अर्ज धरतील."

"आणि मामा?"

"ठेकेदार दुसरा माणूस पाठवेल."

हे त्यांनी दुष्टपणे म्हटलं नाही. नळ गळतोय, वायसर बदला, असं म्हणावं तसं म्हटलं.

घरी आले तर बाबा डाळ निवडत होते. आई गेल्यापासून डाळ तेच निवडतात, आणि एकही खडा सुटत नाही. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. मला वाटलं होतं, इथे तरी मला बोलावं लागणार नाही. ज्याच्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली तो माणूस आधीच उठून माझ्या बाजूला उभा राहील.

"देऊन टाक प्रबंध," बाबा म्हणाले.

"काय?"

"आधी कायम हो. तत्त्वं कायम माणसाला परवडतात. आम्हाला ते उशिरा कळलं."

मी भडकले. मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी त्यांनीच मला दाखवली होती. मी आठ वर्षांची असेन. एका पत्रकात मोर्चाची तारीख चुकीची छापली गेली होती. बाबांनी हाताने दुरुस्तीच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि सकाळच्या पाळीला आम्ही दोघं गिरणीच्या गेटवर त्या वाटत उभे राहिलो. लोक हसले. एकजण म्हणाला, 'तारीख ठरवता येत नाही आणि चालले घरं मागायला.' बाबांनी त्यालाही चिठ्ठी दिली.

"आठवतं," बाबा म्हणाले. "त्या मोर्चाला माणसं आलीच नाहीत. घरंही मिळाली नाहीत. चूक सुधारली म्हणून कुणी काही देत नाही, पोरी."

"मग वाटल्या कशाला चिठ्ठ्या?"

ते ताटातली डाळ बोटाने पसरत बसले. "खाली आपलं नाव छापलेलं होतं," ते शेवटी म्हणाले. मग ताट उचलून मोरीकडे जाता जाता म्हणाले, "तुझं तू बघ. पण त्या म्हाताऱ्याला मध्ये ओढू नको. रोज समोर दिसतो."

रात्रभर तळमळले वगैरे काही नाही, मी दमून झोपले. सकाळी कॉलेजला जाताना डोक्यात माझंच ते आवडतं वाक्य आलं. काम करणाऱ्याला, ते काम कशासाठी आहे हे समजण्याचा हक्क आहे. साठ मुलांना मी दर वर्षी अजगर समजावून सांगते. ज्या माणसाने दोन वर्षं माझ्या टबांचं पाणी बदललं त्याला मी एकदाही सांगितलं नव्हतं की मासे उपाशी का ठेवायचे. मी त्यांना पुठ्ठा दाखवला होता. 'खाणे बंद'. गिरणीच्या गेटवर टाळेबंदीची नोटीस लावतात तशी नोटीस मी लावली होती, आणि वर स्वतःला त्यांची सोबती समजत होते.

त्या दिवशी तास नव्हता तेव्हा मी मामांना मुलांच्या स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. अजगरासकट. ते नीट ऐकत होते, मधूनमधून मान हलवत.

"म्हंजे आमचो ठेकेदार जेवान खुर्चेत पसारता, तेवा तो कामच करता?"

"करतो. आतून."

"मेल्याचा भलाच काम!" ते खळखळून हसले. आणि हसता हसताच थांबले. "म्हंजे तुमचा सगळा..."

"हो. दोन वर्षांचं."

त्यांचा आवाज चढला. "माका एकदा सांगूक काय झालेला? बोर्ड लावलास! बोर्ड कोण वाचता हय? जिन्यात 'थुंकू नका' लिवलेला हा, जावन बगा भिंत!"

"चूक माझीच आहे मामा. मी तसंच लिहून देणार आहे. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते स्टुलावरून उठले.

"कित्याक येना नाय? भुगो मी घातलंय. बारा वर्सां मी हय काम करतंय. काम माझा आणि चूक तेवडी तुमची? लिवा, मी सही करतंय. तुमची खाली, माझी वर."

"मामा, ठेकेदार काढून टाकेल तुम्हाला."

"ता मी बगीन. तुमी कोण मोठे लागून गेलात माका पाटीशी घालूक?"

मी त्यांची सही घेतली नाही. त्यांच्या नोकरीसाठी घेतली नाही असं मी स्वतःला सांगते. पण एकटीने दोष घेण्यात एक रुबाब असतो, पत्रकांवर वाढलेल्या माणसाला तो चांगला कळतो, आणि त्या दिवशी तो मला सोडवला नाही हेही खरं असेल. पत्रात मी लिहिलं की प्रयोगातल्या प्राण्यांच्या आहारावर माझी पुरेशी देखरेख नव्हती, दोन वर्षांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, त्या मी मागे घेत आहे, मुदतवाढ द्यावी. मामा तीन आठवडे मला चारचौघांतही 'मॅडम' म्हणत होते आणि दार लावल्यावरही 'मॅडम'च.

मुदतवाढ मिळाली, आठ महिने. संशोधकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, असा शेरा वर लिहून. त्या शेऱ्यावर सर कुठलं पत्र देणार? जूनच्या मुलाखतीला माझा अर्ज धरला गेला नाही. जिची निवड झाली ती माझ्या तीन वर्षं मागे होती, अभ्यासू आहे, चांगली शिकवते. तिने येऊन मला पेढा दिला. मी खाल्ला. त्याच आठवड्यात माझी तासिका तत्त्वावर नव्याने नेमणूक झाली.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. 'आम्ही' म्हणते, कारण पहिल्या दिवशी मामा न सांगता गाळणी घेऊन टबापाशी उभे होते. पावसाळ्यात चिखलात उतरणं अवघड, मावशी आठवड्यातून एकदाच यायची, कधी चारच मासे घेऊन. उपासाचे दोन दिवस मामांना जड जायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते टबाकडे पाठ करून कुलूप लावायचे आणि तसेच मागे न बघता म्हणायचे, "उद्या सकाळपर्यंत, मेल्यांनू. नियम हा." मोजणी झाली की दोन्ही टबांत भुगा पडायचा. खरबा वर येत नाही म्हणून त्याच्यासाठी ते काचेच्या कांडीने भुगा तळापर्यंत ढकलायचे. त्याच्यावर आधी अन्याय झाला होता, हे त्यांनी मनावर घेतलं होतं.

नोव्हेंबरपर्यंत पुरेशा जोड्या झाल्या. आकडे शिमग्यातल्यासारखेच आले. निवटी आणि खरबा यांचा स्वस्थ बसण्याचा खर्च सारखाच. जमिनीवर येण्याची ती चुकवता न येणारी किंमत माझ्या माशांना तरी पडत नव्हती.

"फरक नाही, यावर प्रबंध?" सर म्हणाले. "कोण वाचणार?"

"परीक्षक."

"तेही नाही वाचत," ते म्हणाले. पण त्यांनी सही केली. त्यांनाही फाइल मिटायची होती.

ते प्रकरण लिहायला मला आधीच्या प्रकरणाच्या दुप्पट दिवस लागले. आधीचं सुंदर होतं. हे सपाट आहे. काम कसं केलं ते सांगणाऱ्या भागात मी एक परिच्छेद घातला: आधीच्या नोंदी का बाद केल्या त्याचा. सर म्हणाले गाळ, मी गाळला नाही. मग आभाराचं पान लिहायला घेतलं आणि मामांना विचारलं, नाव कसं घालू, पूर्ण की नुसतं आडनाव?

"घालू नकात," ते बरणी पुसत म्हणाले.

"का?"

"चुकेत घालूक नाय, मगे आभारात कित्याक?"

मी टेबलाशी परत आले. बाद नोंदींचा परिच्छेद उघडला. तिथे लिहिलं होतं, 'संशोधकाच्या देखरेखीअभावी काही प्राण्यांना अन्न मिळत राहिले.' कुणी दिलं, का दिलं, काही नाही. अन्न जणू आपोआप पडत होतं. मी ते वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं. उपासाचं कारण संशोधकाने परिचरांना सांगितलं नव्हतं. परिचरांनी फक्त निवट्यांना, रोज संध्याकाळी, चिमूटभर जवळ्याचा भुगा घातला. त्यांच्या दहा दिवसांच्या रजेत ही चूक उघडकीस आली. दोघांची चूक होती. ठेकेदार प्रबंध वाचत नाही, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. हे लक्षात यायला मला आठ महिने लागले.

पान त्यांच्या हातात दिलं. मामांनी चष्मा लावला, उजेडाकडे तोंड केलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं.

"ह्या चुकीचा हा, बाय."

"काय?"

"चिमूटभर नाय. दोन चिमटी. सणासुदीक तीन."

मी खोडलं आणि तसं लिहिलं.